बुडालेलं गाव, अडून राहिलेलं गाव आणि सरकवलेलं गाव

"लंडन-बिंडन पुढच्या खेपेला. मला खेडी दाखवा," असं आत्याने शेफील्डला पोचल्या पोचल्या दादाला सांगून टाकलं. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाली तरी तिचा नकाशा सुटलेला नाही. दादा बरीच वर्षं शेफील्डला आहे. तिथून अर्ध्या तासावर पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर सुरू होतात, आणि डर्बीशायरची जुनी गावं त्यांच्या कुशीतच आहेत. ऑगस्ट संपत आला होता, माळांवर हेदर फुलून जांभळा रंग पसरला होता. राहायचं दादाच्या घरी आणि सकाळी डबा घेऊन निघायचं, इतका साधा बेत. वहिनीला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही तिघंच निघालो.

पहिला दिवस: क्रॉमफर्ड

सकाळपासून झिमझिम पाऊस. क्रॉमफर्डची गिरणी रस्त्यावरून पाहिली तर गिरणी वाटतच नाही. उंच दगडी भिंत, खालच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीतच. हाताने सूत कातणाऱ्यांची पोटं या यंत्रांमुळे मारली जात होती. चिडलेले लोक यंत्रं फोडायला येतील ही भीती मालकाला होती आणि ती खरीही होती, कारण त्याची दुसरीकडची एक गिरणी जमावाने जाळली होती. मालक म्हणजे रिचर्ड आर्कराइट. पाण्यावर चालणारी कापूस कातायची पहिली गिरणी त्याने इथे १७७१ मध्ये सुरू केली. हीच जागा का? तर डोंगरातल्या शिशाच्या खाणींतून निघणारं पाणी इथे बाहेर येतं आणि ते जरा कोमट असल्याने हिवाळ्यातही गोठत नाही. म्हणजे चाक बारा महिने फिरणार. पुढे खाणवाल्यांनी आणखी खोल बोगदा खणून तेच पाणी दुसरीकडे वळवलं आणि गिरणीचा घसाच कोरडा पडला.

आम्हाला फिरवणारे काका याच गावात वाढलेले. त्यांच्या लहानपणी इथे कापूस नव्हता, रंगाचा कारखाना होता. शाळेतून येताना आज ओढा पिवळा असेल की लाल यावर पोरांच्या पैजा लागायच्या, जिंकणाऱ्याला एक गोळी. कारखाना १९७९ पर्यंत चालला. शिशाचे क्षार भिंतींत असे मुरले होते की ते काढून इमारती माणसांत आणायला पुढे कितीतरी वर्षं गेली. "आमच्या आईला वाटायचं आम्ही मुद्दाम कपडे रंगवतो," म्हणून काका मोठ्याने हसले. युनेस्कोचा जागतिक वारसा वगैरे माहिती त्यांनी दोन वाक्यांत उरकली. ओढ्याच्या रंगांवर मात्र दहा मिनिटं बोलले, आणि ती ऐकण्यासारखी होती.

पलीकडची नॉर्थ स्ट्रीट चुकवू नका. आर्कराइटने १७७६ मध्ये कामगारांसाठी बांधलेली तीन मजली घरांची ओळ आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर शेजारी शेजारी खिडक्या, कारण तिथे माग चालायचा आणि त्याला उजेड हवा. बाप वर विणणार, बायको आणि पोरं खाली गिरणीत. सात-आठ वर्षांची पोरंसुद्धा पाळीला जायची. आमचे एक चुलत आजोबा लालबागला गिरणीत होते. मुंबईची पहिली गिरणी कावसजी दावरांनी १८५४ मध्ये काढली, म्हणजे इथल्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी. "खोली मालकाची, भोंगा मालकाचा. फरक काय तो पावसाचा," आत्या म्हणाली. तोही फारसा नव्हता त्या दिवशी.

या घरांत आजही लोक राहतात, त्यामुळे खिडकीला नाक लावून आत बघू नये. डर्बी ते मॅटलॉक या रेल्वेमार्गावर क्रॉमफर्ड स्टेशन आहे, तिथून गिरणी चालत जाण्याइतकी जवळ. गाडी नसली तरी अडत नाही.

जेवायला ओटकेक मिळाला. डर्बीशायरचा ओटकेक म्हणजे बिस्कीट नव्हे, आपल्या घावनासारखा मऊ असतो, वर चीज वितळवलेलं. आत्याने पर्समधून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वास घेऊन चौकशी केली, आत्याने अर्धा चमचा वाढला. बाई बराच वेळ पाणी पीत होत्या.

दुसरा दिवस: लेडीबॉवर, म्हणजे पाण्याखालचं डरवेंट

खरं तर सहलीचा बेत आखला तो या दिवसासाठी. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं. उजनीत गेलं. मी ते पाहिलेलं नाही, माझ्यासाठी ते 'जुनं गावठाण' या दोन शब्दांत आहे. आत्या मात्र तिथे शाळेत गेलेली, नदीत पोहायला शिकलेली. धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, पेपरात फोटो येतात, आणि आत्या तो पेपर जपून ठेवते.

इथे डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन अशी दोन गावं लेडीबॉवर धरणात गेली. वरच्या अंगाची हाउडन आणि डरवेंट ही दोन दगडी धरणं आधीची, १९०१ ते १९१६ दरम्यानची. तिथे काम करणाऱ्या मजुरांसाठी पत्र्याचं आख्खं गाव वसवलं होतं, बर्चिनली नावाचं. शाळा, दवाखाना, दारूचं दुकान, सगळं पत्र्याचं. काम संपलं, गाव उचललं. आता झाडीत जोती तेवढी दिसतात. मग शहरांची तहान वाढली आणि १९३५ ला लेडीबॉवरचं काम निघालं. डरवेंटच्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली १७ मार्च १९४३ ला. धरणाचं उद्घाटन सहाव्या जॉर्जने २५ सप्टेंबर १९४५ ला केलं. अ‍ॅशॉप्टन तर पाणी आणि गाळाच्या खालीच आहे, त्याच्या डोक्यावरून मोटारींचा पूल जातो. आम्ही त्याच पुलावरून आलो आणि दादाने सांगेपर्यंत मला पत्ताही नव्हता.

बांधाजवळ पाण्यात दोन प्रचंड गोल भोकं आहेत. धरण भरलं की जास्तीचं पाणी त्यांतून खाली जातं. त्या दिवशी पाणी बरंच खाली होतं, भोकं कोरडी, त्यामुळे फोटोवाल्यांची निराशा. १९७६, १९९५, २०१८, २०२२ अशा कोरड्या वर्षांत डरवेंटची दगडी जोती वर आली होती. आमच्या वाट्याला फक्त काठाचा भेगाळलेला चिखल आला. आत्या मात्र त्या चिखलाकडेच बघत बसली. "गाळाचा वास तोच गं," म्हणाली.

पुढे बाकावर एक आजी बसल्या होत्या, थर्मास आणि म्हातारा कुत्रा घेऊन. आत्याने नमस्कार-चमत्कार न करता थेट विचारलं, "तुमचं गाव यात गेलं का?" दादा ओशाळला. आजी मात्र खूश झाल्या. वय सत्त्याऐंशी, जन्म डरवेंटच्या शेतघरातला. घर सोडलं तेव्हा त्या जेमतेम पाच वर्षांच्या. विस्थापितांसाठी धरणाच्या खाली यॉर्कशायर ब्रिजला घरं बांधली होती, तिथे गेले. आजींना आठवतं ते नळाचं गरम पाणी आणि भिंतीवरचं विजेचं बटण. त्या दिवसभर बटण दाबत बसल्या आणि आईचा धपाटा खाल्ला. आई खूश होती. आजी, म्हणजे त्यांची आजी, नव्या घरात दोन वर्षं बोचकं न सोडता राहिली.

"आमची पण!" आत्या जवळजवळ ओरडलीच. "आमच्या आजीने जात्याला दोर बांधून ठेवला होता. म्हणायची, परत न्यायला सोपं पडेल."

दादा मध्ये दुभाषाचं काम करत होता, पण थोड्या वेळाने त्याची गरज उरली नाही. आत्या शाळामास्तरी इंग्रजी सावकाश बोलते, आजींचा हेल जाडा, तरी दोघींचं नीट जमलं. कुठल्या झाडावर चढायचो, कुणाच्या परड्यातली फळं चोरायचो, याद्या चालल्या होत्या. आजींनी काठीने पाण्यावर बोट दाखवावं तसं दाखवत गल्ली सांगितली: हे पोस्ट, हा पूल, इथे आमच्या गाई प्यायला यायच्या. त्यांतला पूल मात्र वाचला. घोड्यांच्या काफिल्यांचा तो जुना दगडी पूल दगड न् दगड सुटा करून ठेवला आणि १९५९ मध्ये वरच्या खोऱ्यात स्लिपरी स्टोन्सला पुन्हा उभा केला. चर्चच्या आवारातली प्रेतंसुद्धा काढून बॅमफर्डला पुरली.

मी चर्चच्या घंटेचं विचारलं. गाव बुडालं तरी चर्चचा मनोरा पाण्याबाहेर ठेवला होता, आणि रात्री पाण्याखालून घंटा ऐकू येते असं सगळीकडे वाचायला मिळतं. आजींनी हात झटकला. घंटा पाणी यायच्या आधीच काढली होती, ती डर्बीजवळ चॅडेस्डनच्या चर्चमध्ये टांगलेली आहे. ऐकायची तर तिकडे जा म्हणाल्या. पोरं मनोऱ्यापर्यंत पोहत जायला लागली, कुणी बुडेल म्हणून डिसेंबर १९४७ मध्ये मनोरा सुरुंग लावून पाडला. आजी तेव्हा शाळेत होत्या. धडाड् आवाज झाला, बाईंनी शिकवणं थांबवलं नाही, आणि त्या बाईंचा राग अजून गेलेला नाही.

निघताना आत्याने विचारलं की गावातल्या घरांची यादी कुणी करून ठेवलीय का. आजी म्हणाल्या, फोटो आहेत, नकाशे आहेत, लोक येऊन आमच्या आठवणी लिहून नेतात. आत्या गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्याकडे यादी झाली ती मोबदल्याची. पत्रे किती, खांब किती, विहीर आहे का. कुणाच्या ओट्यावर कोण बसायचं ते कोण लिहिणार?"

जाणाऱ्यांसाठी: शेफील्ड ते मँचेस्टर मार्गावर बॅमफर्ड स्टेशन आहे, तिथून धरणाची भिंत चालत गाठता येते. गाडीने आलात तर फेअरहोम्सला लावा. सुट्टीच्या दिवशी त्याच्या पुढचा रस्ता मोटारींना बहुधा बंद असतो, पण चालायला आणि सायकलला उत्तम. वरच्या डरवेंट धरणाला दोन बुरूज आहेत. १९४३ मध्ये जर्मनीतली धरणं फोडायला निघालेल्या वैमानिकांनी कमी उंचीवरून उडायचा सराव इथे केला, म्हणून विमानप्रेमी तिथे गर्दी करतात. त्यापेक्षा पश्चिमेच्या टोकाला टिप नावाच्या मेंढपाळ कुत्रीचा दगड शोधा. १९५३ च्या हिवाळ्यात तिचा मालक वरच्या माळावर मेला आणि ती पंधरा आठवडे, बर्फात, त्याच्या प्रेताशेजारी बसून राहिली. जिवंत सापडली.

तिसरा दिवस: ईम

स्पेलिंग बघून लोक काहीही म्हणतात, तुम्ही बसमध्ये 'ईम' म्हणा. पाऊस नव्हता, पण वारा असा की आत्याने स्वेटरवर दादाचं जॅकेट चढवलं.

१६६५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी लंडनहून या गावातल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. दमट होता म्हणून जॉर्ज व्हिकर्स या त्याच्या मदतनिसाने विस्तवापुढे पसरून वाळवला. कापडात प्लेगच्या पिसवा होत्या. ७ सप्टेंबरला व्हिकर्स गेला. मग शेजारचं घर, मग त्याच्या शेजारचं. पुढच्या जूनमध्ये तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, पदावरून काढलेला पाद्री थॉमस स्टॅन्ली, या एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांनी मिळून गावाला राजी केलं की आता कुणी वेशीबाहेर जायचं नाही. अन्नधान्य चॅट्सवर्थचा अर्ल वेशीवर पाठवायचा. शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ ला. चौदा महिन्यांत मिळून २६० माणसं. गावात एकूण साडेतीनशेच होती असं जुनी पुस्तकं सांगतात, आताचे अभ्यासक दुपटीहून जास्त मानतात, पण म्हणून आकडा हलका होत नाही.

हे सगळं वाचून गेलो होतो. प्रत्यक्षात अंगावर येतात त्या घरांवरच्या पाट्या. रस्त्याकडेला नेहमीची घरं, कुंड्यांत फुलं, दारात दुधाच्या बाटल्या, आणि हिरव्या पाटीवर या घरात कोण कोण, कुठल्या तारखेला गेलं. आम्ही पाटी वाचत असताना एका घरातून बाई कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आल्या, गुड मॉर्निंग म्हणाल्या आणि आत गेल्या.

गावाबाहेर चढावर रायली ग्रेव्हज आहेत. तिथे एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. पुरायला दुसरं कोणी नाही, म्हणून एकटीने, स्वतः खड्डे खणून. माळावर छोटा दगडी वाडगा, आत थडगी, भोवती मेंढ्या. आत्या आत गेली नाही. कुंपणाबाहेर उभी राहून एकेक नाव मोठ्याने वाचत होती, शाळेत हजेरी घ्यायची सवय.

पुण्याच्या माणसाला प्लेग म्हटलं की १८९७ आठवणारच. रँड, घरात घुसलेले सोल्जर, सामानाची होळी, मग २२ जूनची गणेशखिंड. आणि मुंढव्याचा आजारी पोर पाठीवर घेऊन मुलाच्या दवाखान्यात आलेल्या सावित्रीबाई, ज्या १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. इथे सक्ती नव्हती, गावाने स्वतः ठरवलं, असं म्युझियममध्ये अभिमानाने सांगतात. दादालाही ते पटलं. मला थोडी शंका आहे. ज्यांना ऐपत होती ते आधीच निघून गेले होते, आणि मॉम्पेसनने स्वतःची मुलं यॉर्कशायरला धाडली होती. बायको कॅथरीन मात्र त्याला सोडून गेली नाही, आजाऱ्यांत फिरली आणि २५ ऑगस्टला गेली. चर्चच्या आवारात तिचं थडगं आहे, आठव्या शतकातल्या सॅक्सन क्रॉसच्या जवळ. "उरले ते गरीब. त्यांनी ठरवलं म्हणायचं की त्यांच्यावर आलं म्हणायचं?" यावर आमचा तिघांचा कॉफीपर्यंत वाद झाला.

याच आवारात एक थडगं बघून मी हसले आणि मग आजूबाजूला पाहिलं. हॅरी बॅगशॉ, डर्बीशायरकडून खेळलेला आणि पुढे अंपायर झालेला, १९२७ मध्ये गेला. दगडावर कोरलंय: चेंडू लागून उडालेला यष्टीचा दांडा, आणि वर अंपायरचं वर केलेलं बोट. आउट!

विहिरीपाशी फुलांची सजावट चालू होती. डर्बीशायरच्या गावांत विहिरी, झरे, नळ सजवायची चाल आहे. लाकडी चौकटी पाण्यात भिजवायच्या, त्यांवर मीठ घातलेली ओली माती थापायची, कागदावरचं चित्र सुईने टोचून मातीवर उतरवायचं, आणि मग पाकळ्या, पानं, बिया एकेक करून बसवायच्या. पाऊस आला तर पाणी ओघळून जावं म्हणून खालच्या ओळीपासून वर, एकीवर एक. एक बाई चिमट्याने हायड्रेंजियाची पाकळी लावताना बोलत होत्या. त्यांच्या लहानपणी पोरांकडे आल्डरची वाळकी फळं गोळा करायचं काम असे, चित्राच्या काळ्या रेघा त्यांच्या. शाळेत दरवर्षी प्लेगचं नाटक. सगळ्या मुलींना एमॉट सिडल व्हायचं असायचं. ही खरी मुलगी, शेजारच्या गावच्या प्रियकराला घळीच्या पलीकडून नुसती बघायची आणि एप्रिल १६६६ मध्ये गेली. मॉम्पेसन व्हायला मात्र कुणी तयार नसे, पाठांतर फार. "मी तीन वर्षं उंदीर होते," बाई म्हणाल्या. आत्याने हात पुढे केला, बाईंनी तिला चिमटा दिला. कोपऱ्यातल्या मेंढीच्या कानाच्या चार पाकळ्या आत्याच्या आहेत.

दुपारी शेतातून वेशीच्या दगडाकडे उतरलो. दगडाला सहा खळगे आहेत. बाहेरच्या लोकांनी आणलेल्या मालाचे पैसे त्यांत व्हिनेगर भरून ठेवायचे, रोग जावा म्हणून. आता त्यांत पावसाचं पाणी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी टाकलेली पेनी-पेनी. पायवाट निसरडी, चपलेने जाऊ नका. विहिरींची सजावट ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बघायला मिळते आणि त्या महिन्याचा शेवटचा रविवार प्लेग संडे म्हणून पाळतात. गर्दी चालत असेल तर तेव्हाच जा. म्युझियम हिवाळ्यात बंद असतं, वेळा आधी बघून ठेवा.

चौथा दिवस: एडनसर आणि बेकवेल

ऊन पडलं एकदाचं! चॅट्सवर्थचा महाल आम्ही बाहेरूनच पाहिला, तिकीट महाग आहे आणि आत्याला रस नव्हता. तिला एडनसर बघायचं होतं. सहाव्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरला महालाच्या खिडकीतून हे गाव दिसायचं, ते त्याला नको होतं. म्हणून १८४० च्या आसपास त्याने घरं पाडून गाव टेकडीआड सरकवलं. काम पाहिलं जोसेफ पॅक्स्टनने, जो त्याचा मुख्य माळी होता आणि पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभारून प्रसिद्ध झाला. नव्या गावातलं प्रत्येक घर निराळं: एक स्विस, एक इटालियन, एकाला किल्ल्याचे कंगोरे. ड्यूकला नमुन्यांचं पुस्तक दाखवलं तर घाईत तो म्हणाला सगळ्यातलं एकेक करा, अशी दंतकथा आहे. रस्त्याच्या अलीकडे जुन्या गावातलं एकच घर राहिलंय.

"घरं चांगली बांधून दिली की," दादा म्हणाला.

"विचारून?"

दादाने विषय बदलून आम्हाला चर्चकडे नेलं. तिथे जॉन केनेडींची बहीण कॅथलीन पुरलेली आहे. ती या ड्यूक घराण्याची सून. नवरा १९४४ च्या लढाईत गेला, ती १९४८ च्या विमान अपघातात. केनेडी जून १९६३ मध्ये, स्वतःचा खून होण्याच्या पाच महिने आधी, इथे येऊन गेले. पॅक्स्टनही तिथेच, भल्याथोरल्या थडग्याखाली. सरकवलेल्या गावकऱ्यांची नावं आत्याने शोधली, सापडली नाहीत.

जेवण बेकवेलला. इथे पुडिंग खायचं, टार्ट नव्हे. टार्ट बाहेरच्या लोकांसाठी, असं काउंटरवरच्या मुलाने कडक आवाजात बजावलं. खाली खुसखुशीत पापुद्रे, त्यावर जॅम, वर अंडं-बदामाचं मऊ मिश्रण, गरम आणि वाकडंतिकडं. स्वयंपाकिणीच्या चुकीतून ते जन्मलं अशी गोष्ट आहे आणि मूळ कृती आपल्याकडेच असल्याचं एकाहून जास्त दुकानं सांगतात. आत्याने न्याय करायचा ठरवला, दोन दुकानांतून एकेक घेतलं, नदीकाठी बाकावर बसून आळीपाळीने खाल्लं. बदकांनी घेरलं. पहिलं जास्त गोड, दुसऱ्याचा पापुद्रा बरा, असा निकाल लागला, आणि मग ती म्हणाली की खात्री करायला पहिलं आणखी एकदा खावं लागेल. दादा मुकाट्याने पाकीट काढून रांगेत उभा राहिला.